डोंगरावर भाकरी कोण आणतं?

आदरणीय ताई,

माझं वय ४६. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर आहे. राहायला चिंचवडला, मूळ गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचं. घरी आई, बायको आणि बारावीतली मुलगी. आईचे गुडघे गेलेत. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला हजर होतो. तेव्हापासून कशातच मन लागत नाही. देव्हाऱ्यासमोर बसलो तर आत काही हलत नाही. पण रविवारी गावाकडच्या रानात गेलो, एखाद्या हिरड्याखाली एकटाच बसलो की डोळे आपोआप वाहायला लागतात. कुणीतरी आहे असं वाटतं. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये बसलो की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी उत्तरेतल्या एका आश्रमात नऊ दिवस राहिलो. तिथले स्वामी म्हणाले, मोह सुटल्याशिवाय दार उघडत नाही. दिवाळीआधी घर सोडायचं मी ठरवलंय. फ्लॅटच्या हप्त्यांची चार वर्षं उरलीत. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून ते भागेल, हिशेब लिहून ठेवलाय. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुकोबा डोंगरावर गेले तर संत, आणि माझ्यासारखा गेला तर पळपुटा, असं का? स्पष्ट लिहा.

– भामचंद्राकडे बघणारा

*

दादा,

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. एरवी मी दोन-तीन दिवसांत उत्तराला बसते. हे पत्र मात्र बरेच दिवस उशाशी राहिलं, कारण या विषयात मी तटस्थ नाही. का नाही ते पुढे येईलच. आधी तुमच्या पत्रातलं जे खरं आहे त्याबद्दल बोलू.

हिरड्याखाली तुम्हाला जे होतं ते खरं आहे. त्याला भास म्हणू नका आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नका. देव्हाऱ्यापुढे आत काही हलत नाही म्हणून आपली श्रद्धा आटली असंही समजू नका. आपल्या मुलखातला देव देव्हाऱ्यात येऊन बसायच्या कितीतरी आधी झाडाखाली, ओढ्याच्या काठाला, वारुळाशी बसलेला होता. शेंदूर फासलेला एक तांदळा, वर छप्पर नाही, भोवती रान. तुम्ही तर आंबेगावच्या पश्चिमेचे. आहुप्याची देवराई तुम्ही लहानपणापासून पाहिली असणार. तुमच्या पणजोबांना कुणी विचारलं असतं की देव कुठे असतो, तर त्यांनी राईकडेच हात केला असता.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्याकडे राईला देवरहाटी म्हणतात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. श्रावणातला पाऊस लागला होता. आजी देवीपुढे नारळ ठेवायला निघाली आणि मी तिच्या मागे मागे. रहाटीच्या तोंडाशी तिनं वहाणा काढल्या. आत शिरलो आणि पावसाचा आवाजच बदलला. बाहेर तो अंगावर कोसळत होता, आत तो वरच्या वर पानांवर वाजत होता आणि खाली बऱ्याच वेळानं एखादाच टपोरा थेंब यायचा. पायाखाली कुजक्या पानांचा एवढा जाड थर, की आमची पावलंच ऐकू येत नव्हती. एक गारंबीची वेल माझ्या कमरेएवढ्या जाडीची, या झाडावरून त्या झाडावर गेलेली. आजी नारळ ठेवून हात जोडून उभी राहिली. काही पुटपुटली नाही, काही मागितलं नाही.

परत येताना मी एक सुकी काटकी उचलली, वाटेतल्या गवतावर आपटायला. अर्ध्या वाटेत आजीच्या लक्षात आलं. ती रागावली नाही. "ती देवीची. ठेवून येऊ," म्हणाली आणि त्या पावसात, त्या चढणीनं, गुडघ्यांवर हात देत माझ्याबरोबर पुन्हा वर आली. मी रहाटीच्या कडेलाच काटकी टाकायला निघाले तर म्हणाली, "तिथं नाही. उचललीस तिथं." तेव्हा घरातली चूल लाकडावर होती. श्रावणात सुकं लाकूड मिळणं म्हणजे काय, ते ज्या बाईनं ओल्या फाट्यावर फुंकणी मारून डोळे लाल केलेत तिला विचारा. तरी रहाटीतली काटकी चुलीत गेली नाही.

हे मी तुम्हाला का सांगतेय? त्या गावानं काय केलं होतं ते बघा. देव रानात आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण म्हणून गाव उठून रानात गेलं नाही. त्यानं भात लावला, गुरं राखली, पोरींची लग्नं केली, भावकीत भांडणंही केली. आणि गावाच्या शिवेतला एक तुकडा असा ठेवला, की तिथून कुणी काही घ्यायचं नाही. पडलेलं झाडसुद्धा नाही, आणि फारच गरज पडली तर आधी देवाला कौल लावायचा. १९७०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक आणि पर्यावरणाचे अभ्यासक माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या या राया पायाखाली घातल्या, तेव्हा भोवतालचं रान कोळशासाठी आणि इमारती लाकडासाठी तुटलेलं, पण राईत जुनी झाडं उभी, असं त्यांना दिसलं. गावानं संसार सोडला नव्हता, संसारातला एक तुकडा सोडला होता. आणि पिढ्यान् पिढ्या तो सोडलेलाच ठेवणं हे किती अवघड असेल, याचा विचार करा. घर सोडायला एक रात्र पुरते. राई राखायला रोज स्वतःला अडवावं लागतं.

तुम्हाला राई हवी आहे, दादा. ती नाही म्हणून तुम्ही गावच सोडायला निघालात, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं.

आता तुकोबांचा प्रश्न. तो तुम्ही मनापासून विचारलाय, तेव्हा त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

१६३०-३१चा दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको अन्नान्न करत गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. त्यानंतर ते भामचंद्रावर जाऊन बसले. तुमच्या कारखान्याच्या आवारातून जो डोंगर दिसतो, तोच हा. परंपरा सांगते की पंधरा दिवस ते तिथे होते आणि धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत शोधत तिथे पोचला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढचं जरा सावकाश वाचा. दोघे भाऊ खाली आले. लोकांकडे येणं असलेल्या कर्जखतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हातात दिला आणि स्वतःचा तेवढा इंद्रायणीत सोडला. भावाच्या घरात पोरंबाळं आहेत, त्याचं पोट त्या कागदांवर आहे, हे तुकोबांना कळत होतं. स्वतःचा वाटा सोडायचा अधिकार होता, तो त्यांनी वापरला. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. मग पडक्या विठ्ठल मंदिराची डागडुजी केली, देहूतच राहिले, संसार केला, पोरींची लग्नं केली.

आणि भंडारा डोंगर. तिथे ते दिवस दिवस बसायचे हे खरं. पण त्यांची दुसरी बायको जिजाई रोज भाकरी घेऊन तो डोंगर चढायची, हेही तितकंच खरं मानलं जातं. वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला खुद्द विठोबा आला, अशी आख्यायिका आहे. मी ही गोष्ट लहानपणी कीर्तनात ऐकली तेव्हा विठोबा आला याचं नवल वाटलं होतं. आता साठी ओलांडल्यावर वेगळंच दिसतं. तुकोबा वर नामात होते, तेव्हा देव वर गेला नाही. तो खाली, अर्ध्या चढावर, भाकरी घेऊन येणाऱ्या बाईच्या पायाशी बसला. ज्या लोकांनी ही गोष्ट रचली, जपली, शतकानुशतकं सांगितली, त्यांना काहीतरी पक्कं कळलेलं होतं. आपल्याकडे जिजाईला कजाग म्हणायची फार सवय आहे. उन्हातान्हात रोज तो चढ चढून बघावा आणि मग बोलावं.

तुकोबांनी झाडावेलींना आणि वनचरांना सोयरे म्हटलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण शब्द बघा कुठला निवडलाय. गुरू म्हटलं नाही, सखा म्हटलं नाही, सोयरे म्हटलं. सोयरीक लग्नातून होते. सोयरे म्हणजे मांडवात येणारे, मानपानाला रुसणारे, अडीनडीला धावून येणारे. अख्खा संसारातला शब्द. ज्याला घरच्या सोयऱ्यांचं ओझं आणि ओलावा दोन्ही माहीत आहे, त्यालाच झाडाला हा शब्द लावता येतो. तुम्ही चिंचवडच्या घरातली सगळी नाती टाकून हिमालयात गेलात, तर तिथल्या देवदाराला काय म्हणाल, याचा मी बराच विचार केला.

दुसरी गोष्ट आळंदीची. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत घर सोडून काशीला गेले आणि संन्यास घेतला. बायको आहे हे गुरूंना सांगितलं नव्हतं. इकडे रुक्मिणी आळंदीत पिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिली. तो सुवर्णपिंपळ आळंदीला आजही दाखवतात. योगायोगानं ते गुरू यात्रेला आळंदीत आले, तिनं नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि तिच्या तोंडून सगळं बाहेर आलं. गुरूंनी काय केलं? काशीला परतून शिष्याला घरी पाठवलं. पुढे लोकांनी त्या कुटुंबाचे फार हाल केले, पोरांना 'संन्याशाची पोरं' म्हणून वाळीत टाकलं, ते पाप लोकांचं. पण विठ्ठलपंत परतले नसते तर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडं जन्माला आली नसती.

या गोष्टीतले गुरू मला फार मोठे वाटतात. त्यांना कळलं की आपल्या शिष्यानं काहीतरी लपवलंय, आणि त्यांनी दिलेली दीक्षा मागे घ्यायला कमीपणा मानला नाही. तुम्ही ज्या आश्रमात नऊ दिवस होतात, त्या स्वामींनी तुम्हाला विचारलं का, घरी कोण आहे? आईचे गुडघे कसे आहेत? मुलगी कितवीत आहे? मी त्यांना ओळखत नाही आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. खरे संन्यासी मी पाहिलेत. त्यांच्यापुढे बसलं तर मन निवतं. पण परंपरेनं संन्यासाआधी घरच्यांची संमती बघितली आहे. आद्य शंकराचार्यांनीसुद्धा आईचा होकार घेतला आणि तिच्या अंत्यसंस्काराला परत येण्याचा शब्द दिला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. नऊ दिवसांत मोहाबद्दल सगळं सांगणाऱ्यानं निदान तुमच्या माणसांची नावं तरी विचारायला हवी होती.

आता मी तटस्थ का नाही ते सांगते.

मी आठवीत असताना माझे वडील घर सोडून गेले. रात्री जेवले, ओटीवर झोपले, सकाळी नव्हते. उशीखाली चिठ्ठी होती, त्यात देवाचं नाव होतं आणि आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. चौदा महिन्यांनी परत आले. नर्मदेच्या काठाकाठानं फिरत होते, इतकंच कळलं. आईनं त्यांना पाणी दिलं, पाय धुवायला तांब्या दिला, आणि संध्याकाळी त्यांचं ताट मांडलं. कधी एका शब्दानं बोलली नाही. पण ते चौदा महिने आमच्या घरात काय झालं ते मला माहीत आहे. भाऊ अकरावीत होता, हुशार होता, गणितात पैकीच्या पैकी. त्यानं शाळा सोडली आणि एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायला लागला. वडील परत आले तरी तो शाळेत गेला नाही. वय गेलं, सवय गेली, जिद्द गेली. आजही त्याच्यासमोर कुणी अध्यात्माचा विषय काढला तर तो उठून बाहेर जातो.

वडिलांवर माझा राग आता उरलेला नाही. परत आल्यावर ते फारसे देवळात गेले नाहीत. परसात पोफळी होत्या, त्यांना रोज पहाटे शिंपणं करायचे. एकेका झाडाच्या आळ्यात पाणी ओतून ते मुरेपर्यंत तिथेच उकिडवे बसायचे. मला आठवतं, पाणी मुरताना मातीतून बुडबुडे येतात, त्यांच्याकडे ते टक लावून बघत असायचे. तोंडावर तेव्हा जे असायचं, ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिलंय. नर्मदेवर त्यांना काय मिळालं मला ठाऊक नाही. पण परसात त्यांना जे मिळालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आणि ते परस, त्या पोफळी, ती पहाट ते गेले त्या दिवशीही तिथेच होती.

तुमच्या हिशेबात हप्ते आहेत, पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे. माझ्या भावाच्या गणिताच्या मार्कांसाठी तुमच्या वहीत रकाना नाही. तो आखा. मुलगी बारावीत आहे. दिवाळीनंतर तीन-चार महिन्यांत तिची परीक्षा.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी फार जपून लिहितेय. पत्रात तुम्ही झाडाचं नाव लिहिलंत. नुसतं झाड नाही, हिरडा. आंबेगावच्या पश्चिमेला हिरडा म्हणजे काय, हे मला थोडंफार माहीत आहे. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा आणि त्यावर घराचा वर्षाचा मीठ-मिरचीचा खर्च काढायचा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण लहानपणी तुम्ही कुणाबरोबर हिरडे वेचायला जात होता? झाडावर कोण चढायचं आणि खाली पाटी घेऊन कोण उभं असायचं?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही फर्स्ट शिफ्टला गेलात. मशीन बंद पडून चालत नाही, सुपरवायझर आहात, गेलात. रडायला वेळ कुठे मिळाला? मला वाटतं, हिरड्याखाली डोळ्यांतून जे वाहतं, त्यात दोन वर्षं अडलेलं वडिलांसाठीचं पाणी आहे. यामुळे त्या झाडाखालचा देव लहान होत नाही. वडील आणि देव एकाच झाडाखाली भेटत असतील तर त्यात मला काही वावगं दिसत नाही. फक्त तुमचं आतलं माणूस नेमकं काय मागतंय, ते ओळखायला हवं. संन्यास घेणारा विधीत स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं घालतो. तुमच्या वडिलांचं दुःख अजून करून व्हायचंय, आणि तुम्ही स्वतःच्या श्राद्धाला निघालात.

या दुःखाचं वजन कधी कधी एकट्याला पेलत नाही. छातीवर दगड, कशात मन न लागणं, दोन वर्षं. याबरोबर झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणंच नको असं मनात येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. त्यात देवाशी बेइमानी काही नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या मदतीचा, सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला तर तो नंबर लावा.

आता करायचं काय.

या रविवारच्या आत बायकोशी बोला. घर सोडायचंय, अशी सुरुवात करू नका, कारण मग तिला घाबरून फक्त 'नाही' म्हणता येईल. मला जे लिहिलंत तेच तिला सांगा. 'वडील गेल्यापासून मला रानातच बरं वाटतं, तिथे मी रडतो, आणि सोमवारी मला बसमध्ये चढवत नाही.' एवढंच. आणि मग गप्प बसा. ती काय म्हणते ते ऐका. दोन वर्षं ती एका अशा माणसाबरोबर राहतेय जो घरात असून नाही. तिला काही माहीत नसेल असं समजू नका. कदाचित ती तुमच्याआधीपासून हे ओझं उचलून आहे. दिवाळीआधी निघायचं ठरवलं होतं हेही पुढे सांगावं लागेल, पण ती हातात हात घेईल त्या दिवशी सांगा.

आईंशीही बोला. तुमचे वडील गेले तसा त्यांचा नवरा गेला. गावातून उचलून चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आणलेल्या त्या बाईला शेवटचा हिरडा कधी दिसला? रविवारी तुम्ही एकटे गावाकडे जाता. एकदा गाडी करून त्यांना घेऊन जा. गुडघ्यांमुळे त्यांना चढवणार नाही, पण बांधापर्यंत तर येतील. खुर्ची घेऊन जा, झाडाखाली ठेवा. तुमच्या वडिलांबद्दल त्या तिथे जे बोलतील, ते फ्लॅटच्या हॉलमध्ये कधीच बोलणार नाहीत.

मग राई. तुमच्या दिवसात एक तुकडा असा काढा, की त्यातून कुणी काही घ्यायचं नाही. तुम्हीही नाही. फोटो नाही, मोबाइल नाही, जपाची संख्या नाही, ध्यान लागलं की नाही याची नोंद नाही. अर्धा तास पुरे. जागा फार लांब शोधू नका, लांबची जागा टिकत नाही. चिंचवडला पवनेचा काठ आहे. नदी आज कशी आहे ते मला माहीत आहे, तरी तिच्या काठाला झाडं आहेत, खंड्या येतो, बगळे येतात. नाहीतर तुमचा कंपनीच्या बसचा थांबा. तिथे कुठलं झाड आहे, आत्ता सांगता येईल? दोन-चार हजार सकाळी तुम्ही त्याच्याखाली उभे राहिला असाल. त्याची पानं कोणत्या महिन्यात गळतात? त्यावर घरटं आहे का? उद्या दहा मिनिटं आधी जा आणि नुसतं बघा. भामचंद्राच्या गुहेत जो आहे तो चिंचवडच्या थांब्यावर नसेल, असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

आणि हातानं काहीतरी करा. सावता माळ्याचा दाखला तुम्हाला कुणी ना कुणी दिलाच असेल, त्याला कांद्यामुळ्यात विठाबाई दिसली म्हणून. पण कांदामुळा बघायला तो डोंगरावर गेला नव्हता. माढा तालुक्यातल्या अरणच्या मळ्यात तो स्वतः कष्टत होता, तण काढत होता, पाणी देत होता, आणि पंढरी इतकी जवळ असून मळा सोडून तिकडे गेला नाही, असं त्याच्याबद्दल सांगतात. रविवारचं रान आपल्याला फक्त देतं. वाफा मागतो. आठ दिवस पाणी चुकलं की तो मान टाकतो आणि आपली कुणाला तरी गरज आहे हे आपल्याला कळतं. गावाकडे वडिलांची जमीन असेल, थोडी का असेना. महिन्यातले दोन रविवार तिथे खुरपं घेऊन घालवा. मुलीला परीक्षा झाल्यावर न्या. हिरडा कसा ओळखायचा हे तिला अजून कुणी शिकवलेलं नसेल, आणि हे तुमच्याशिवाय शिकवणारं आता घरात दुसरं कोण आहे?

एवढं सगळं करूनही ओढ राहिली तर? राहू शकते. मी ती खोटी म्हणणार नाही. जुन्या लोकांनी वानप्रस्थ सांगितला तो नातवंडं दिसू लागल्यावर, आणि बायकोला बरोबर नेता येईल अशी सोय ठेवून. मुलगी मार्गी लागू दे, हप्ते फिटू देत, आईंचं सगळं व्यवस्थित होऊ दे. त्यानंतर चार-सहा महिने नर्मदेच्या परिक्रमेला जायचं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत, तर घराचं दार लावून, किल्ली शेजारी देऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन, दिवसाउजेडी निघा. त्या दिवशी मी तुमच्या पाया पडेन. उशीखाली चिठ्ठी ठेवून नाही जायचं. तेवढं वचन मला हवंय.

येत्या रविवारी मात्र एकट्यानं रानात जाऊ नका. बायकोला म्हणा, भंडाऱ्यावर जाऊ. सकाळी लवकर निघा, भाद्रपदात डोंगरावर अजून हिरवं असतं, कुठे कुठे सोनकी फुललेली दिसेल. गाडी खाली लावा आणि पायी चढा. भाकरी दोघांनी मिळून थापा, येत नसतील तर शिका, जाड झाल्या तरी चालतील. बरोबर कांदा आणि ठेचा. गाठोडं तुमच्या खांद्यावर घ्या, सबंध चढ, तिनं मागितलं तरी देऊ नका. वर गेल्यावर तिला आधी वाढा.

मग मला लिहा. बसथांब्यावरचं झाड कुठलं निघालं, आणि आईंचे गुडघे कसे आहेत, तेही कळवा.

तुमची,
ताई